अमळनेरचे समूहगान: इतिहास कोठून मोजावा?

आपला प्रश्न मला समजला तो असा: अमळनेरमधील आपल्या समूहगान मंडळाला लवकरच पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत शहरातील समूहगानाच्या इतिहासावर लेख लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे, आणि ज्याला विचारावे तो ‘मंडळाच्या आधी आपल्याकडे असे काही नव्हतेच’ एवढेच सांगतो. ग्रंथालयातही काही हाती लागले नाही. तेव्हा शोध कोठून सुरू करावा आणि आरंभाचे वर्ष कोणते धरावे, असे आपण विचारले आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील शाळांमध्ये ३१ वर्षे संगीत शिकवले. त्यातील बहुतेक वर्षे समूहगानाचे संघ बसवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर जुन्या मेळ्यांच्या, म्हणजे गणेशोत्सवात पदे गाणाऱ्या मुलामुलींच्या संघांच्या, व भजनी मंडळांच्या वह्या पाहणे हेच माझे काम झाले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपली अडचण साधनांची नसून नावाची आहे. आपण ‘समूहगान’ हा शब्द हाती घेऊन शोधत आहात, आणि हा शब्द आपल्या गावांत शाळा, आकाशवाणी आणि स्पर्धा यांच्यामार्फत रुळला. त्याआधीही माणसे एकत्र गात होतीच. पण ती टाळकरी होती, गाणाऱ्यामागे सूर धरणारी झीलकरी होती, मेळ्यातील मुले होती, कानबाईच्या रात्री जागणाऱ्या बायका होत्या. गावाने त्यांना गायक म्हटले नाही, म्हणून त्यांची नोंदही गायक म्हणून झाली नाही. पुढे उभे राहून गाणाऱ्याचे नाव राहिले, त्याच्यामागे ओळ उचलणाऱ्यांचे राहिले नाही. आपल्याला इतिहास लिहायचा आहे तो या मागच्या माणसांचा.

आरंभाचे वर्ष मात्र आपण समूहगान कशाला म्हणता यावर अवलंबून राहील, आणि हे लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हा एक प्रकार. सर्वांनी आरंभापासून शेवटपर्यंत एकाच सुरावटीत गायचे, हा दुसरा. एकाच वेळी निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या सुरावटी गाऊन त्यांचा मेळ साधायचा, हा तिसरा. तिसरा प्रकारच खरा असे म्हटले तर आपल्या भागातील शोध बहुतांशी चर्चच्या उपासनेपाशी आणि अलीकडच्या वृंदगानापाशी जाऊन थांबेल; दुसरा धरला तर शाळेची प्रार्थना आणि मेळा येथपर्यंत जाता येईल; पहिलाही मान्य केला तर आपण दिंडीत पोहोचतो आणि मग एक वर्ष ठरवणे शक्यच राहत नाही. मी स्वतः पहिल्या प्रकारापासून सुरुवात करतो, आणि त्याचे कारण भक्तीचे नाही, गाण्याचे आहे.

शाळेत नवा संघ बसवताना मुलांना सर्वांत कठीण जाते ते सूर लावणे नव्हे, तर एकत्र उचल करणे आणि ओळीच्या मधोमध सर्वांनी एकदम श्वास न तोडणे. हे शिकवायला महिना जातो. पण ज्या मुलांच्या घरी हरिपाठ होता, जी लहानपणापासून सप्ताहात टाळ घेऊन उभी राहिली होती, त्यांना ते शिकवावे लागत नसे. दिंडीत वीणेकरी मधे असतो, टाळकरी दोन्ही बाजूंनी ओळीने उभे राहतात, चाल म्हणणारा चरण संपवत असतानाच टाळकरी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरतात, आणि एका बाजूचा सूर खाली बसण्यापूर्वी दुसरी बाजू तो उचलून घेते. त्यामुळे मधे रिकामी जागा राहत नाही आणि प्रत्येकाला आपापला श्वास चोरून घेता येतो. पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावले टाकत गाणे, असेल तर लय पायांत असते, ती हाताने दाखवावी लागत नाही. जी कौशल्ये आपण मंडळाच्या तालमीत घडवतो, ती येथे पिढ्यान्‌पिढ्या घडत होती. मग त्याला समूहगान न म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

अमळनेरचे भाग्य असे की संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे ही परंपरा शहराच्या मध्यभागी आहे. बोरी नदीकाठची वाडी, वैशाखातील रथ आणि पालखी, पंढरीची पायी दिंडी, या निमित्ताने वर्षानुवर्षे ठरलेल्या वेळी ठरलेली माणसे एकत्र गात आली आहेत. ‘ठरलेल्या वेळी’ हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण समूहगानाचा इतिहास शोधताना मी नेहमी आधी तिथी विचारतो आणि मग माणसे. गाणारे नियमाने कधी जमत, हे कळले की कोण जमत आणि काय गात, हे आपोआप निघते. जळगावच्या श्रीराम रथोत्सवाबाबतही मला हाच अनुभव आला. १८७२ पासून चालत आलेल्या त्या कार्तिकी उत्सवात रथापूर्वी दहा दिवस वहने, म्हणजे देवाच्या निरनिराळ्या वाहनांच्या मिरवणुका, निघतात, आणि कोणत्या दिवशी कोण भजनाला असे, हे जुन्या माणसांना वर्षांपेक्षा वहनांवरून अधिक नेमके आठवते.

बायकांच्या गाण्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण स्मरणिकांमध्ये हा भाग हमखास सुटतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गौराईची आणि झोक्याची गाणी असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. लग्नात वराकडच्या आणि वधूकडच्या बायका दोन बाजूंना बसून एकमेकींना गाण्यातून उत्तर देतात. हे सारे अहिराणीत किंवा लेवागणबोलीत चालते, आणि यात ऐकणारा असा वेगळा कोणी नसतो. आपल्या मंडळातील ज्येष्ठ भगिनींना ‘तुम्ही गाणे कुठे शिकलात?’ असे विचारले तर त्या मंडळाचे नाव सांगतील. ‘आखाजीला तुमच्या गल्लीत गाणे कोण उचलायचे?’ असे विचारा, म्हणजे वेगळे उत्तर येईल. मी हा प्रश्न विचारायला फार उशिरा शिकलो आणि तोपर्यंत अनेक जणी निघून गेल्या होत्या, याची मला आजही खंत आहे.

दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे सर्वांनी एकाच सुरावटीत गाण्याचे वळण आपल्याकडे मुख्यतः शाळा आणि स्वातंत्र्यचळवळ यांनी लावले. त्यामागे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे काम मोठे आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यापासून त्यांनी संगीत वर्गात बसवून, पुस्तकावरून आणि स्वरलिपीवरून अनेकांना एकाच वेळी शिकवता येते हे दाखवून दिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते स्वतः राष्ट्रगीते गात. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यपरंपरेतून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले आणि त्याच्या परीक्षांमुळे लहान शहरांतही संगीताचे वर्ग नियमित चालू झाले. शाळेतील संगीतशिक्षक हा पेशा आमच्यापर्यंत आला तो या वाटेने.

अमळनेरमध्ये याच्या जोडीला साने गुरुजी आहेत. आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत ते १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयही पाहत. त्यांची ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना पुढे महाराष्ट्रातील असंख्य शाळांमध्ये मुलांनी एकत्र म्हटली; ती सोपी आहे, तिचा आवाका लहान आहे, आणि ज्याला गाता येत नाही असे मूलही ती इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणू शकते. समूहगानासाठी रचना कशी असावी, याचा तो धडाच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वर्षी ‘गीताई’ही प्रसिद्ध झाली आणि ती पुढे आश्रमांत व शाळांत सर्वांनी मिळून म्हणण्याचा प्रघात पडला, हा धागा आपल्या विषयाचा आहे. पुढे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभे राहिले, त्याच्या शाखांवर समूहगीते म्हणणे हा रोजचा कार्यक्रमच असे, आणि कलापथकाने ती गीते रंगमंचावर आणली. आपल्या शहरातील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या पुढची माणसे शोधून काढा आणि त्यांच्या घरी कोणी शाखेवर जात असे का, प्रभातफेरीत कोणती गीते असत, हे विचारा. उत्तरे नेहमी मराठीतच येतील असे समजू नका. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या मिरवणुकीत हुतात्मा झाले, त्या मिरवणुकीतला मुलांचा घोष गुजराती होता; आपल्या व्यापारी पेठांमध्ये मराठी, अहिराणी, गुजराती आणि मारवाडी एकाच गल्लीत नांदत होत्या, आणि गाणी त्या भाषांतून आली.

आता मेळ्यांकडे येतो. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्मरणिकेत मी लिहिले की तालुक्यात समूहगान सुरू झाले ते त्या शाळेच्या स्पर्धा-संघापासून. अंक निघाल्यावर महिनाभराने गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या घरी आले. त्यांनी पिशवीतून कापडी बांधणीची एक वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि ‘सर, हे काय होतं मग?’ एवढेच विचारले. ती गणेशोत्सवातील मेळ्याची वही होती. तिच्यात पदे होती, प्रत्येक पदावर चाल लिहिलेली होती, आणि समासात ठिकठिकाणी ‘एक’, ‘सर्व’, ‘मुली’, ‘दोनदा’ असे शब्द होते. शेवटच्या पानावर मुलांच्या नावांची यादी आणि टोप्यांसाठी गोळा केलेल्या पैशांचा हिशेब होता. समूहगान बसवणाऱ्या माणसाला त्या समासातील शब्दांची किंमत सांगावी लागत नाही: कोणी कोठे गायचे, कोठे सर्वांनी उचलायचे, कोठे आवाज वाढवायचा, हे सारे त्यात होते. माझा लेख चुकीचा होता हे मला त्या क्षणी कळले, आणि त्यानंतर मी गावोगावच्या वह्या पाहू लागलो.

अशा वहीवर वर्ष क्वचितच असते. तिचा काळ ठरवायला सर्वांत उपयोगी पडतो तो ‘चाल’ हा उल्लेख. मेळ्याची पदे बहुधा लोकांना माहीत असलेल्या चालींवर रचलेली असत, आणि सुरुवातीला त्या चाली नाटकांतून येत. पद आपल्या चालीपेक्षा जुने असू शकत नाही. चाल ‘सौभद्र’मधील असेल तर पद १८८२ नंतरचे, ‘मानापमान’मधील असेल तर १९११ नंतरचे, ‘स्वयंवर’मधील असेल तर १९१६ नंतरचे, आणि बोलपटातील असेल तर ते १९३२ नंतरचेच असणार, कारण पहिला मराठी बोलपट त्या वर्षीचा. म्हणून वहीतील सर्वांत नवी चाल आधी शोधा. वही निदान तेव्हापर्यंत वापरात होती हे त्यावरून निश्चित होते. याचे उलट मात्र खरे नाही. जुन्या चाली कित्येक दशके लोकांच्या तोंडी राहतात, त्यामुळे ‘चाल जुनी म्हणून पद जुने’ असे लिहिण्याचा मोह टाळावा. शाई आणि हस्ताक्षर बदलते ती पाने वेगळी काढा, कारण एकच वही दोन-तीन जणांनी वापरलेली असते. कागदांच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते: पावत्या, निमंत्रणपत्रिका किंवा शिक्क्यांवर ‘पूर्व खानदेश’ असेल तर तो कागद बहुधा १९६०च्या आधीचा, कारण महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्ह्याला जळगावचे नाव मिळाले. गणेशोत्सव मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्याही पाहाव्यात. पेटी दुरुस्ती, तबल्याची शाई, मुलांचा खाऊ, अशा खर्चांतून तालमी किती दिवस चालत हे कळते.

पेटीचा उल्लेख आला म्हणून पट्टीविषयी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला षड्ज मानून गायचे याविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या गायकांच्या मुलाखतीत हा प्रश्न मला सर्वाधिक उपयोगी पडला आहे. मुले आणि बायका साधारण पेटीच्या काळी चार-पाच या पट्ट्यांच्या आसपास मोकळ्या गातात, पुरुष काळी एक-दोनच्या. दोघांना एकत्र उभे केले की कोणाला तरी तडजोड करावी लागते: पुरुषांच्या पट्टीत बायकांचा आवाज खालच्या सुरांत दबतो, बायकांच्या पट्टीत पुरुषांना तार सप्तकात ओढाताण होते. भजनी मंडळात हा प्रश्न उद्भवत नसे, कारण गाणारे बहुधा सगळे पुरुष असत आणि उंच पट्टीची त्यांना सवय असे. मेळ्यातही नसे, कारण मुलांचा आवाज फुटला की ती मेळ्यातून बाहेर पडत. तो आला स्त्री-पुरुष एकत्र गाऊ लागले तेव्हा. म्हणून जुन्या सभासदांना ‘पट्टी कोणती होती?’ हे अवश्य विचारा. उत्तर ‘काळी एक’ असेल तर गाणे पुरुषांच्या सोयीने बसवले होते आणि बायका बहुधा साथीला होत्या. अंतरा बायकांचा आणि ध्रुपद सर्वांचे अशी वाटणी सांगितली, किंवा मध्यमाला षड्ज मानून दुसऱ्या गटाला वेगळी सुरावट दिल्याचे सांगितले, तर तेथे कोणीतरी विचार करून वृंदरचना केली होती, आणि ती व्यक्ती कोण हे शोधणे आपल्या लेखाचा महत्त्वाचा भाग ठरेल.

निरनिराळ्या सुरावटींच्या मेळाचा प्रकार आपल्याकडे चर्चमध्ये आधी आला असावा असे मी मानतो. भुसावळची रेल्वे वसाहत आणि पश्चिम खानदेशात नवापूरकडे मिशनऱ्यांनी केलेले काम, या दोन जागा त्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘उपासना-संगीत’ या मराठी गीतसंग्रहात परकीय चालींची भाषांतरित गीतेही आहेत आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांची देशी वळणाची पदेही. दुसरी गीते पेटी-तबल्यावर भजनासारखीच गायली जातात. आपल्या शहरातील ख्रिस्ती मंडळीकडे जाऊन, रविवारच्या उपासनेत पूर्वी कोण वाजवत असे आणि मुलांना कोण शिकवत असे, एवढे विचारून या.

तळोद्याकडे १९३०च्या दशकात गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये सामूहिक आरतीची जी मोठी चळवळ उभी केली, ती आपल्या शहराच्या कक्षेबाहेरची आहे. परंतु खानदेशातील एकत्र गाण्याविषयी एक वाक्य लिहिणार असाल तर ती वगळू नये.

स्वातंत्र्यानंतरचा भाग सोपा आहे, त्याची कागदपत्रे मिळतात. १९५२ मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले होते. अशा प्रसंगी स्वागतगीत कोणी बसवले याची नोंद स्वागत समितीच्या कागदांत किंवा वृत्तपत्रांत सापडू शकते. जळगावचे आकाशवाणी केंद्र झाल्यावर स्थानिक संघांना ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून होत आली आहे, आणि तिच्यासारख्या स्पर्धांनी गाण्याचे स्वरूपही बदलले: वेळेचे बंधन आले, गायकांची संख्या ठरली, गणवेश आला, तालमी वाढल्या आणि एकंदर गाणे नेटके झाले. दुसरीकडे, ज्याला सूर धरवत नाही त्याला पहिल्याच दिवशी बाहेर बसवण्याची पद्धतही याच काळात पडली. मीही अनेक मुलांना असे बाहेर बसवले आहे, आणि वह्या वाचू लागल्यापासून मला वाटते की मेळेवाल्यांनी तसे केले नसते.

मुलाखतींविषयी माझा सल्ला एवढाच की माणसांना एकेकटे भेटू नका. एकाच मेळ्यातील किंवा मंडळातील दोघांना समोरासमोर बसवा. एकटा माणूस दोन ओळींनंतर अडतो. दुसरा समोर असला की तो ओळ उचलतो, मग पहिल्याला पुढची आठवते. ‘कधी सुरू झाले?’ हा प्रश्न शेवटी विचारावा, आधी ‘तुम्ही रांगेत कोठे उभे राहत होता आणि तुमच्या शेजारी कोण होते?’ हे विचारावे. गाऊ लागले की मधे थांबवू नये, शब्द चुकले तरी दुरुस्त करू नयेत, आणि अहिराणी उच्चार जसे आले तसेच लिहावेत. तेच गाणे आठवड्यानंतर पुन्हा म्हणवून घेतले तर आणखी एखादे कडवे निघते, असा माझा अनुभव आहे.

थोडक्यात, आपल्या मंडळाचे स्थापनावर्ष हे मंडळाचे म्हणून लिहावे, शहरातील समूहगानाच्या आरंभाचे म्हणून लिहू नये. लेखात वरील तीन प्रकार वेगळे ठेवावेत. आणि प्रत्येक प्रकारासाठी आपल्याला मिळालेला सर्वांत जुना पुरावा कोणता, एवढेच सांगावे.

वही सापडली तर ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून घेऊन जाऊ नका. त्यांच्याच ओट्यावर उजेडात प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, कोरी पाने आणि मलपृष्ठही सोडू नका, आणि मूळ वही त्यांच्याकडेच राहू द्या. शेवटच्या पानावर नावांची यादी असेल तर ती स्मरणिकेत पूर्ण छापा. बहुतेक नावांना आडनाव नसेल, काही नुसती टोपणनावे असतील, एखाद्यापुढे ‘शिंप्याचा मुलगा’ एवढेच असेल. ती दुरुस्त न करता, वहीत आहेत त्याच क्रमाने छापा.